माशाच्या अंगावर नानांची टोपी

आमच्याकडे उन्हाळ्यात बाई स्कार्फ बांधल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. पण माझा दीर पुण्याला काय गेला, हेही विसरला! जळगावच्या मैदानावर माशांचं प्रदर्शन लागलं होतं, तिथे आम्ही धरणगावहून सगळे गेलो. भाऊजींच्या गळ्यात भलामोठा कॅमेरा. आत अंधार आणि फ्लॅशला बंदी. मला बघून हसतात कसे, "वहिनी, इथे कुठलं आलंय ऊन? सोडा तो स्कार्फ!"

मी गुपचूप सोडला आणि हातात धरला.

मग भाऊजींनी फोटो काढले. प्रत्येक माशाच्या अंगावर काचेतलं आमचंच प्रतिबिंब, आणि त्यात सगळ्यांत ठळक कोण, तर सासऱ्यांची पांढरी टोपी! नानांनी कॅमेऱ्यात डोकावून पाहिलं. "तुना फोटूमा मी शे. मासा कोठे शे?"

म्हटलं, सरका बाजूला. मोबाइल काचेला टेकवला, माझा काळा स्कार्फ डोक्यावरून मोबाइलसकट पुढे ओढून घेतला आणि एक मोठा मासा समोर येऊन थबकेपर्यंत श्वास रोखून उभी राहिले. एकच फोटो काढला. खवला न् खवला मोजून घ्या! नाना तर तो अनोळखी माणसांनाही दाखवत सुटले.

थोड्या वेळाने भाऊजी हळूच जवळ आले. "वहिनी, स्कार्फ देता का जरा?"

दिला की! डोक्यावर स्कार्फ घेऊन ते काचेला चिकटले, तसं मी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "का हो भाऊजी, ऊन लागतंय का?"