तीस आला तर

या समारंभाचे अध्यक्ष आणि आमचे संचालक सुगिमोरी-सान, आज निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्ती नागात्सुका-सान, व्यासपीठावरील मान्यवर आणि ओसाकाच्या उकाड्यात कोट चढवून आलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

पहिला पेला उचलण्याआधी भाषण संपवावं अशी आपली रीत आहे. बिअर कोमट होतेय हे मला दिसतंय. तरीही थोडा वेळ मागतो, कारण मी कुवानो, या कंपनीत आज उभा आहे तो नागात्सुका-सानांमुळे, आणि त्याआधी एका भीतीमुळे.

मी इथे व्हिडिओ गेम तपासायला लागलो तेव्हा डोंगरातल्या सराईचा भुताचा खेळ डिस्कवर छपाईला जायच्या बेतात होता. त्याचे शेवट नागात्सुका-सान बांधत होत्या. खेळणारा जसा वागेल तसा ‘धीर’ नावाचा आकडा आत वरखाली होतो. शेवटच्या दाराशी यंत्र त्यात आपल्या मनाने आणखी एक आकडा मिसळतं, फासा टाकल्यासारखा. बेरीज तीसच्या खाली आली, तर पाहुणा कायमचा सराईत. तीसच्या वर गेली, तर पहाट होते आणि तो डोंगर उतरतो. मागच्या रांगेतली मंडळी आत्ताच हसायला लागली. तेव्हा कुणाच्या लक्षात आलं होतं?

मी ते दार उघडलं. सराईची मालकीण गुडघ्यांवर बसली होती, ती बसूनच राहिली. पहाट नाही, काळोख नाही. ती माझ्याकडे बघत होती. मी पडद्यावरचा बाण डावीकडे नेला, तिची नजर डावीकडे. उजवीकडे नेला, उजवीकडे. बाहेर भर दुपारी शाळा सुटल्याचा गलका चालला होता आणि माझा सदरा पाठीला चिकटला होता. मी यंत्राची वायरच उपटली.

पुन्हा खेळलो, तर पहाट झाली. इतरांनी खेळून पाहिलं. कुणाला पहाट मिळाली, कुणी सराईत राहिलं, पण ती नजर कुणालाच दिसली नाही. आमचे आवाजवाले मुकाई-सान म्हणाले, बाईचं मन बसलंय तुझ्यावर, लग्नाचं जेवण कधी देतोस? सुगिमोरी-सानांनी सर्वांदेखत विचारलं, भुताला भिणारा माणूस भुताच्या खेळावर नेमला कुणी? अध्यक्षमहाराज, राग नसावा, प्रश्न रास्त होता. पण माझी उमेदवारीची मुदत त्याच आठवड्यात संपत होती, बायकोला दिवस गेले होते आणि आधीची एक नोकरी हातची गेलेली होती. मला भुताची जास्त भीती वाटत होती की घरी जाऊन काय सांगू याची, हे मला आजही सांगता येणार नाही.

भुताचा खेळ बाहेर पडण्याआधी देवळातून पुजारी बोलावून शुद्धी करायची आपली पद्धत. ती त्या वेळी घाईने उरकली. पुजाऱ्यांनी कागदी झालरीची काठी यंत्रांवरून आणि आमच्या वाकलेल्या मानांवरून फिरवली. सर्वांत खाली माझी मान होती. विषय मिटला, डिस्क छापायला पाठवा, असं ठरलं.

पुजारी गेल्यावर नागात्सुका-सान माझ्याजवळ आल्या.

“चित्र गोठलं होतं का?”

“नाही. ती श्वास घेत होती.”

त्यांचा चेहरा उतरला. “म्हणजे खेळ अडकला नव्हता. आपण पुढे काय सांगतो याची वाट बघत होता.”

त्यांनी फासा काढून टाकला आणि बेरीज हाताने भरायला घेतली. अठ्ठावीस, सराई. एकोणतीस, सराई. मग तीस. नैवेद्याच्या साकेची बाटली अजून टेबलावर होती. मालकीण बसून राहिली. नागात्सुका-सानांनी बाण हलवला आणि तिची नजर खोलीतल्या एकेकावरून गेली. त्या श्वासाचा आवाज मुकाई-सानांनी स्वतःच्याच नाकाने खेळात भरलेला होता, तरी ते भिंतीला जाऊन टेकले.

तीसच्या खाली एक शेवट होता, तीसच्या वर एक. बरोबर तीससाठी कुणी काहीच लिहिलं नव्हतं.

सुगिमोरी-सान म्हणाले, ढकला कुठल्याही बाजूला. पण नागात्सुका-सान माझ्याकडे वळल्या.

“तिथे तुम्ही होतात. तुम्हाला कुठे जायचं होतं?”

“बाहेर.”

म्हणून तीसला पहाट होते. नंतर त्या संचालकांना म्हणाल्या, “हा माणूस मला ठेवायचाय. न भिणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत.”

त्यानंतर कशाचीही धास्ती वाटली की मी त्यांच्या टेबलाशी जाऊन उभा राहायचो. त्या हसायच्या नाहीत. खुर्ची ओढून द्यायच्या आणि म्हणायच्या, पहिल्यापासून सांगा.

आता नव्या खेळात तर तीससारख्या सीमाही स्थिर नाहीत. खेळणारा जितका रेंगाळेल तितके शेवटांचे पट्टे रुंदावतात, आकसतात. परवा त्यातल्या विहिरीत मी डोकावलो आणि पाण्यातलं माझं प्रतिबिंब माझ्या आधी मागे सरलं. पुन्हा पाहिलं, तर सगळं ठीक. मुकाई-सान हसले. कदाचित काही नसेलही. पण मंडळी, माझे हात अजून गार आहेत, आणि हे सांगायला सोमवारी मी कुणाच्या टेबलाशी उभा राहू?

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. आनंदाच्या प्रसंगी नको ते बोललो असेन, मानपानात कुणी राहून गेलं असेल, तर पदरात घ्या. नागात्सुका-सान, तुम्हाला उदंड विश्रांती लाभो. फक्त सोमवारी फोन तेवढा चालू ठेवा.