मागच्या फळीवरची चीर

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा माननीय प्रेरणाताई, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, आपल्या जलबचाव पथकातले अधिकारी आणि जवान, ज्यांच्या निवृत्तीसाठी आपण जमलो त्या रत्नमालाताई साळवे, आणि समोर बसलेल्या बंधूभगिनींनो, सर्वांना माझा आदाब आणि जय भीम.

मी बासित. उस्मानपुऱ्यात माझं गाड्या पॉलिश करायचं दुकान आहे. पत्रिकेत माझं नाव नाही. आत्ताच सूत्रसंचालकांकडून पाच मिनिटं मागून घेतली. भाषणाची सवय नाही, तेवढं सांभाळून घ्या.

रत्नमालाताईंच्या तीस वर्षांच्या सेवेबद्दल आधीचे वक्ते बोलले. मी त्यात काय भर घालणार? दोन वर्षांपूर्वी घडलेलं तेवढं सांगतो.

करमाडच्या गोदामाबाहेर पथकाची तीन नंबरची बोट उभी असायची. उन्हानं तिचा जेलकोट, म्हणजे फायबरवरचा तो रंगीत चकचकीत थर, पार विटला होता. हात फिरवला की खडूसारखी पूड लागायची. तपासणी पाच दिवसांवर आलेली, आणि बोटींची जबाबदारी ताईंकडे. ताईंनी विचारलं, "बासितभाई, तुम्ही गाड्या करता. ही होईल का?"

"आरशासारखी करून देतो, ताई," मी म्हटलं. खरं सांगू? तोवर मी बोटीला कधी हातही लावला नव्हता.

पाणी मारत बारीक पॉलिशपेपरनं मेलेला थर काढायचा, मग कंपाउंड, म्हणजे घासायची पेस्ट, लावून मशीन फिरवायचं, शेवटी मेण. मशीन एका जागी थांबलं की थर जळतो, म्हणून श्वास रोखून काम केलं. चौथ्या दिवशी मागच्या फळीवरची, जिथं मोटर बसते तिथली पूड धुतली, आणि खाली केसाएवढी चीर दिसली. नख फिरवलं. नख अडकलं, म्हणजे चीर आत खोल गेलेली.

मला कळलं नाही असं कसं म्हणू? कळलं होतं. पण दुसऱ्या दिवशी तपासणी. मीच घासून पाडली असं म्हणतील, ही भीती. मी चिरेत कंपाउंड दाबलं, वरून मेण लावलं. चीर दिसेनाशी झाली. तपासणीला आलेल्या साहेबांनी बोटीच्या चकाकीत बघून भांग पाडला, सगळे हसले, आणि ताईंनी माझ्या भरवशावर बोट ठीक असल्याच्या कागदावर सही केली.

त्यानंतर माझं जेवण कमी झालं. माझी बायको कहकशा विचारायची, "हुआ क्या है तुमको?" काय सांगणार? दुकानात एखाद्या बंपरवर ओरखडा दिसला तरी नख फिरवून बघायचो.

मग बातमी आली, धरणातून पाणी सोडणार. तीन नंबरची बोट पैठणला निघणार, आणि तिची मोटर राजकुमारभाऊ चालवणार. राजकुमारभाऊ म्हणजे ताईंचा सख्खा धाकटा भाऊ. मी सकाळीच करमाड गाठलं. बोट गाडीला जोडत होते.

"ताई, ही नेऊ नका."

"का हो?"

"मागच्या फळीत चीर आहे. मी मेणानं झाकली."

ताईंनी फळीकडे बघितलं. भावाला म्हणाल्या, "मोटर धर अन् जोरात हलव."

राजकुमारभाऊंनी हलवली. मेण फुटलं, चीर उघडली आणि आतून काळपट पाणी ओघळलं. ते चिरेपाशी वाकले. "आक्का, मोटरसकट फळीच गेली असती गं."

"किती दिवस माहीत होतं, बासितभाई?" ताईंनी विचारलं.

"बारा दिवस."

बोट तिथंच राहिली. तीन बोटींचं काम दोन बोटींवर आलं, आणि त्याच दुपारी नदीपलीकडच्या वस्तीवर सोळा माणसं अडकली. राजकुमारभाऊ दुसऱ्या बोटीवर गेले. मी कार्यालयात वायरलेसपाशी बसून राहिलो. बारा माणसं निघाली, चार राहिली, आणि वायरलेस गप्प झाला. अर्धा तास! ताई पदराचं टोक मुठीत धरून उभ्याच. मी मनातल्या मनात दुआ मागत होतो. बारा दिवस आधी तोंड उघडलं असतं, तर तिसरी बोट दुरुस्त होऊन पाण्यात नसती का?

मग खरखर झाली. "आक्का, सगळे सोळा बाहेर. एक म्हातारी चप्पल राहिली म्हणून भांडायलीय."

ताई तेव्हा कुठं खुर्चीत बसल्या.

पुढं तपासणीतल्या चुकीबद्दल ताईंना नोटीस आली. बढती थांबली. मी म्हटलं, "ताई, माझं नाव लिहा." त्या म्हणाल्या, "सही माझी होती. अन् तुमचं नाव वर गेलं, तर उद्या चूक सांगायला माझ्या दारात कोण येईल?" नंतर ती फळी कापून नव्यानं भरली, तेव्हा रोज येऊन त्या स्वतः नख फिरवून बघत. मला मात्र पुन्हा एका शब्दानं बोलल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

ताई, तुम्ही मघापासून मला "बसा, बसा" म्हणून खुणावताय. दिसतंय मला. आज तुमचं ऐकत नाही.

अध्यक्षमहोदया, हे सगळं मी अर्जात लिहून आणलंय, खाली माझी सही आहे. तो आपल्या हातात देतो. थांबलेली बढती याच्यानं परत येईल का, मला माहीत नाही. आपण एवढं ऐकून घेतलंत, मी शुक्रगुजार आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर माफ करा. चिरेची माफी मागत नाही. ती तेवढी माझ्या नावावर लिहून घ्या.