जागचा हलत नाही

हे मी सांगायचं नव्हतं, ताई. आबांनी सकाळीच बजावलंय — पावण्यांम्होरं तोंड उघडायचं न्हाय. पण तुम्ही आत्ता वहीत लिहिलंत ना, ‘कमळपक्षी, अगदी निवांत, जागचा हलत नाही’ — ते खोडा. निवांत नाही तो. पाय बांधलाय त्याचा. — नको, दुर्बीण खाली घेऊ नका! आबा तिथं चहा ठेवतायत, पण लक्ष सगळं इकडंच. पानाच्या कडेला बघा. काळा दोरा दिसला? माझ्या शिवणाच्या डब्यातला आहे.

वाईट मनानं नाही केलं हो. तुम्ही दोनदा पुण्याहून आलात आणि पक्षी न बघताच गेलात. आबा या तळ्याचे राखणदार — त्यांना जेवण गोड लागेना. ‘पावणं आपल्या तळ्यावरनं रिकामं गेलं, कोल्हापुरात आसं हुतंय व्हय?’ म्हणून आज पहाटे छातीभर पाण्यात उतरून फास लावला. आता म्हणतात, फोटू निघाल्याबिगार सोडायचा न्हाय. म्हणजे तुम्ही जितकं बघाल, तितका वेळ तो बांधलेला.

घरटं कुणी दाखवलं म्हणता? कुणी म्हणजे — माझ्या वहीत होतं. आबांनी माझी वही कधी उघडली नव्हती, काल पहिल्यांदा मागितली, मग मलाच दाखवावंसं वाटलं. आणि गाठ — गाठपण मीच मारली, आबांची बोटं जाड आहेत. माझ्या मुठीत त्याचं काळीज नुसतं धडधडत होतं.

नर आहे तो. यांच्यात मादी अंडी घालून निघून जाते, बाप बसतो अंड्यांवर. एकवीस दिवस मोजलेत मी. चार अंडी आहेत, पाचेक दिवसांत फुटतील. ती त्या शेवाळावर, हातभर पलीकडं — दोरा तिथवर पुरत नाही. तुम्हाला वाटलं ऐटीत मान वळवतोय. तिकडं बघतोय तो. कावळा दोनदा घिरटी घालून गेला. सोडा म्हटलं मी आबांना. म्हणाले, ‘आगं, दोन तासानं काय मरतंय व्हय?’ दोन तास कधीच होऊन गेले, ताई.

रागावू नका त्यांच्यावर. तुम्हाला कळलं हे त्यांना समजलं, तर ते परत कुणासमोर मान वर करायचे नाहीत. आबांना एवढंच म्हणा — ‘केरबा, फोटो झकास आला, फिल्म संपली.’ लगेच सोडतील, मला माहीताय. हसून म्हणा पण. असा चेहरा नका ना करू, ओळखतील ते.

— व्हय आबा, विचारते! — दुपारपर्यंत थांबताय का म्हणतायत, भाकरी टाकायची आहे. नाही म्हणा. ताई, नाही म्हणा ना — तो बघा, कावळा उतरला, पानावर उतरला, ताई, आत्ता हाक मारा आबांना, आत्ता, तो अंड्यां— व्हय आबा, आले!