ठरावातला मुक्काम

समारंभाच्या अध्यक्ष सरपंच चंद्रभागाबाई, मंचावर विराजमान केंद्रप्रमुख चंद्रकुमार साहेब, आजच्या सत्कारमूर्ती तृप्ती मॅडम, जमलेल्या मायबहिणी, बंधू आणि शाळेची एकोणीस मुलं, शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष या नात्यानं मी कवडू आपणा सर्वांना नमस्कार करतो.

सहा वर्षांत हा आपला पाचवा निरोप समारंभ. निरोप देण्यात आपल्या गावाचा हात साकोली तालुक्यात कोणी धरणार नाही. मंडप कुठे घालायचा, हार कोणी आणायचे, आता सांगावंही लागत नाही. शिक्षक का टिकत नाहीत? सरकारमुळे, असं मी मागच्या चारही भाषणांत सांगितलं. टाळ्या मिळाल्या.

तृप्ती मॅडम दोन वर्षांपूर्वी रुजू झाल्या आणि पहिल्याच दिवशी त्यांनी गावात भाड्यानं खोली मागितली. असं आजवर कोणी मागितलं नव्हतं, त्यामुळे गाव घाबरलं. बेबीबाईकडे पाहुणे येणार होते, डोमाच्या खोलीत शेळ्या होत्या. मी म्हणालो, "खोलीत धान भरला हाये, मॅडम." घरी मात्र बोललो, एकट्या बाईले ठेवून कायले ताप घ्याचा?

मग मॅडम रोज भंडाऱ्याहून येऊ लागल्या. एस.टी. फाट्यावर सोडते, पुढे चार किलोमीटर पायी. उशीर होणारच. उशिराची तक्रार कोणी केली? आपल्या समितीनं. खाली सही माझी. त्याच महिन्यात ग्रामसभेनं शिक्षकांच्या घरभाडे भत्त्यासाठी लागणारा दरवर्षीचा ठराव केला, की शिक्षक गावातच मुक्कामी राहतात. सूचक मीच. कागदावर मॅडम आपल्याकडे अगदी सुखात राहिल्या.

शेवटी त्यांनी बदली मागितली. मिळाली. त्यांच्या जागी कोणी आलेलं नाही, आणि दुसरी जागा तर आधीपासूनच रिकामी. सोमवारी मुलं येतील, शाळेला कुलूप असेल.

माझी नात मनाली चौथीत आहे. तिला वाचायला मॅडमनीच शिकवलं, हीच अडचण झाली. काल तिनं तो ठराव वाचला आणि मला विचारलं, "आबाजी, मॅडम कोनाच्या घरी राहत होत्या?"

असो. मॅडम, शाल-श्रीफळ स्वीकारावं. मंडपवाल्यांचे, साहेबांचे, शांतपणे ऐकून घेणाऱ्या सर्वांचे आभार. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल तर माफ करा, असं शेवटी म्हणायची रीत आहे. बोलण्याचं राहू द्या. मॅडम, मले माफ करा. त्या खोलीत धान नव्हता.