नाव नसलेलं बटण

मामा : सांगणार होतो गं. राहून गेलं.

भाची : तीन आठवडे? दर रविवारी फोनवर विचारलं, तुझ्या मोबाइलमधली कामांची यादी नीट चालतेय ना? दर वेळी म्हणालास, छान झालीय.

मामा : एवढी खपून नवी करून दिलीस. त्यात खोट काढायची म्हणजे...

भाची : आज शेजारी बसले म्हणून कळलं तरी. तू बोट फिरवतोयस आणि बोटाखालचं वाचून दाखवणारा फोन नुसता ‘चित्र, चित्र’ म्हणतोय.

मामा : जुनीत कसं, आधी काम वाचून दाखवायचा. मग ‘झालं, बटण’. मग ‘काढ, बटण’. सहा वर्षं वापरली. यादीपुरती तरी मला डोळ्यांची आठवण झाली नाही.

भाची : ती दिसायला अगदी भिकार होती रे. कॉलेजात असताना केलेली. दुसऱ्याचा कुठलाही तयार कोड न घेता सगळं हाताने लिहिलं होतं, तेवढंच कौतुक. नोकरीसाठी दाखवायची तर तशी राखाडी बटणं कोण दाखवणार? म्हणून ती काढून गोल टिकचं चित्र टाकलं, कचऱ्याच्या डब्याचं चित्र टाकलं. चित्रांना नावं द्यायची राहिली. एकेका ओळीचं काम होतं.

मामा : मी आपला मोजून चालायचो. पहिलं चित्र म्हणजे झालं, दुसरं म्हणजे काढ. पण एक काम झालं म्हटलं की फोन परत पार वर जायचा. मग मोजणी चुकायची.

भाची : एक टिक केली की माझा कोड अख्खी यादी नव्याने मांडतो. बघणाऱ्याला कळतसुद्धा नाही. चुकून काही काढलंस का?

मामा : जाऊ दे ना.

भाची : मामा.

मामा : त्या निवृत्त बाई आहेत ना, खुब्याचं ऑपरेशन झालेल्या? त्यांना घरी जाऊन व्यायाम देतो मी. मंगळवारी चारला जायचं होतं. ती ओळच उडाली. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. रागावल्या नाहीत. तब्येत बरी आहे ना, एवढंच विचारलं. त्या दिवशी पहिल्यांदा जिना उतरायचं ठरलं होतं. चारपासून सहापर्यंत बूट घालून बसून होत्या म्हणे.

भाची : तू काय सांगितलंस?

मामा : ताप होता म्हणालो.

भाची : तुला कुठे ताप होता?

मामा : नव्हताच. बावीस वर्षं पेशंटांची हाडं-सांधे सांभाळतोय, कुणाशी खोटं बोललो नव्हतो. पण सांगणार काय, माझी यादी मलाच कळेनाशी झालीय? ज्याला दिसत नाही अशा माणसाला बोलावलं की असंच व्हायचं, असं त्यांच्या मनात आलं असतं.

भाची : चूक माझी होती.

मामा : ते आज कळतंय. नवीन काही हातात आलं आणि जमलं नाही, की मला आधी वाटतं मीच कमी पडलो.

भाची : असं नको ना बोलूस. मला अजून एक सांगायचंय.

मामा : सांग.

भाची : मुलाखतीत मी हीच यादी दाखवली. सगळे म्हणाले, सुरेख आहे. मग साहेबांनी विचारलं, ही वापरतं कोण? मी म्हणाले, माझे मामा. त्यांना दिसत नाही, त्यांच्यासाठीच बनवलीय. एकांनी चष्मा काढून पुसला. तिथेच मला कळलं, नोकरी मिळाली.

मामा : मुलाखत कधी होती?

भाची : तुला नवी यादी पाठवली त्याच दिवशी. सकाळी.

मामा : म्हणजे मी हात लावायच्या आधी.

भाची : हो.

(मग ती लॅपटॉप उघडते. अर्धा-पाऊण तास फक्त टाइप केल्याचा आवाज.)

भाची : बघ आता. चित्रं ठेवलीत, पण आत खरी बटणं आहेत, त्यांना नावं आहेत. आणि टिक केल्यावर तेवढी एकच ओळ बदलते.

मामा : थांब. ‘गादीचं कव्हर धुणे. झालं, बटण.’ दाबलं. ‘पूर्ण झालं.’ आणि जागेवरच आहे की. काढताना?

भाची : आधी विचारेल, नक्की काढू का.

मामा : हं. हे बरं झालं.

भाची : मामा, सोमवारी मी तिथे रुजू होतेय. साहेबांना खरं काय ते सांगू?

मामा : ते मी कसं ठरवू? मी माझं सांगतो. आज सकाळी बाईंना फोन करून म्हटलं, ताप नव्हता, यादीत माझा घोटाळा झाला होता आणि सांगायची लाज वाटली.

भाची : काय म्हणाल्या?

मामा : म्हणाल्या, मंगळवारी या, पण बूट तुम्ही आल्यावरच घालीन.

भाची : साहेबांना आत्ताच फोन लावते.

मामा : लाव. मी आत चहा टाकतो.

भाची : थांब ना इथेच.

मामा : नको. मी समोर असलो की परत मलाच पुढे करशील.