तीस फेब्रुवारी

पुतणी : काका, हे पाकीट मी घेणार नाही. बाकीची द्या आणि हे खिशात ठेवा.

काका : बाकीची नाहीतच. आज एकच रंगवलंय. तिकीट लावलंय, पत्ता माझाच घातलाय. तू फक्त पोस्टाच्या खिडकीतून हात काढून तारखेचा शिक्का मारायचास, नेहमीसारखा.

पुतणी : नेहमीसारखा? पाकिटावर बाबांची खाट आहे. चादर घडी घालून पायथ्याशी, आणि खाटेवर कुणीच नाही.

काका : खिडकीतला उजेड साधायला दोन दिवस गेले.

पुतणी : थट्टा नको. शिंप्याचं मशीन काढलंत, वर कापड टाकलेलं. शिक्का पडला त्याच दिवशी शिंपी गेला. मग ते बेकरीचं बंद शटर.

काका : बेकरीवाला शिक्क्यानंतर दोन दिवस चांगला हिंडत-फिरत होता.

पुतणी : कारण घाईत मी शिक्क्यातला आकडा चुकवला होता. बाराच्या जागी चौदा बसवला. आणि तो चौदालाच गेला. तुम्ही छंद म्हणून चित्रं काढता, पण तारीख माझ्या हातून पडते, काका. मला जेवण जात नाही.

काका : तेव्हाच माझ्याही ध्यानात आलं. म्हणून तर चार महिने नुसत्या होड्या आणि पाखरं काढली.

पुतणी : मग आज का? पाठचे भाऊ ना तुम्ही त्यांचे?

काका : म्हणूनच. आजची तारीख मार, पोरी. आधी माझं जरा ऐक—

पुतणी : काही ऐकायचं नाही. जा घरी.

काका : जातो. उद्या तुझी सुट्टी. या खिडकीवर दुसरा कारकून असेल, तो चित्राकडे बघणारसुद्धा नाही.

पुतणी : ...आणा इकडे.

काका : फाडू नकोस हं.

पुतणी : बाबांचं चित्र फाडून काय होईल, कुणी सांगावं? माझी नाही हिंमत. थांबा, आकडे बदलते. तीन, शून्य. महिना दुसरा.

काका : अगं, तीस फेब्रुवारी कुठे असते?

पुतणी : नसतेच. कधी येणारच नाही.

काका : थांब, थांब जरा—

(शिक्क्याचा ठोका.)

पुतणी : झालं. शिक्का पडलेल्या तिकिटावर दुसरा शिक्का चालत नाही. आता न्या कुठे न्यायचं तिथे. माझे बाबा कुठे जात नाहीत.

काका : नाही जायचा. खरंय.

पुतणी : असे काय बघताय?

काका : दादानंच काढायला सांगितलं होतं गं.

पुतणी : खोटं.

काका : दोन वर्षं खाटेला खिळलाय. पाठीला जखमा झाल्यात. तू समोर असलीस की हूं की चूं करत नाही. तू कामाला निघालीस की उशीचं टोक दातात धरतो. परवा माझा हात धरून म्हणाला, बाळ, माझं एक पाकीट कर.

पुतणी : मला का नाही सांगितलं त्यांनी?

काका : तू हो म्हणाली असतीस?

पुतणी : दुसरं काढा. काका, आत्ता काढा, इथेच बसून. मी हवी ती तारीख मारते.

काका : एका माणसाचं एकदाच उतरतं. शिंप्याचं पुन्हा काढून पाहिलं होतं. ब्रश नुसता कोरडा फिरतो.

पुतणी : घरी जाऊन काय सांगू त्यांना?

काका : तुला काही नाही विचारायचा तो. मलाच विचारेल, आजची पडली का उद्याची.