गाळलेलं वाक्य

(सुप्यातला विजेच्या मोटारी बनवणारा कारखाना. अंगणातल्या रिकाम्या मांडवात मालक रंगनाथ आणि दुभाषी मुबश्शिरा.)

रंगनाथ : साडेबाराला जपानी पाहुणे उठले आन् करार टेबलावर तसाच पडून हाय. आता खरं सांग, मुबश्शिरा. माझ्या भाषणातलं शेवटचं वाक्य तू त्यांना सांगितलंस?

मुबश्शिरा : सांगितलं, सर. जरा वेगळं.

रंगनाथ : मी काय म्हणलो हुतो?

मुबश्शिरा : ‘भारत-जपान मिळून चीनचं दुकान बंद पाडू.’

रंगनाथ : आन् तू?

मुबश्शिरा : ‘मिळून चांगल्या मोटारी बनवू.’

रंगनाथ : तरीच! कामगारांनी मांडव डोक्यावर घेतला आन् पाहुणे सत्यनारायणाला बसल्यासारखे गप. चीनला जपानीत चुगोकू म्हणत्यात, एवढं मलाबी ठावं हाय. कान लावून बसलो हुतो. तू तो शब्द काढलाच न्हाईस.

मुबश्शिरा : पाहुणेही तो काढत नाहीत, सर. दोन्ही सरकारं बोलतात तेव्हासुद्धा ‘काही देश’ म्हणून भागवतात. त्यांच्या मोरितासाहेबांचा एक कारखाना आजही तिकडे चालू आहे. त्यांची माणसं तिथे राहतात, पोरं तिथल्या शाळेत जातात.

रंगनाथ : मंग आपल्याकडं कशाला आले?

मुबश्शिरा : भीती वाटते म्हणूनच. उद्या तिकडून मोटारीला लागणारं लोहचुंबक यायचं बंद झालं तर? तुमच्या गावात रात्री सापाचं नाव घेतात का?

रंगनाथ : न्हाई. आमची आई लांबडं म्हणायची. पण म्हणताना काठी असायची तिच्या हातात.

मुबश्शिरा : ते काठी शोधायलाच सुप्याला आलेत.

रंगनाथ : लई शहाणी! पण हे ठरवायचं कुणी? कारखाना माझा, तोंड माझं. चुकलो असतो तर निस्तरलं असतं मी. कानात सांगायचं हुतं.

मुबश्शिरा : माइक तुमच्या हातात होता. पण बरोबर आहे तुमचं. थांबून विचारायला हवं होतं.

रंगनाथ : दुभाषीच गाळायला लागली तर मी बोललो काय आन् भिंत बोलली काय! उद्यापासून येऊ नको.

मुबश्शिरा : बरं. पण जायच्या आधी एक सांगते, नाहीतर दुसरीकडून कळेल. त्यांच्यासोबत त्या बाई होत्या ना, कडेला बसलेल्या? गाडीत बसताना मला हळूच म्हणाल्या, ‘तुमचं एक वाक्य राहिलं.’ मराठीत. पुण्यात शिकल्यात.

रंगनाथ : आयला! म्हंजी त्यांना समदं...

मुबश्शिरा : सगळं. तुम्ही बोललात ते, मी गाळलं ते.

रंगनाथ : तू काय म्हणालीस?

मुबश्शिरा : ‘हो, राहिलं.’

रंगनाथ : अगं, मालकानंच गाळायला सांगितलं म्हणायचं! दोघं सुटलो असतो.

मुबश्शिरा : तुम्ही सांगितलं नव्हतं ना.

रंगनाथ : ...थांब. मोरितांचा मेसेज हाय बघ. वाच.

मुबश्शिरा : ‘स्वागताबद्दल आभार. पुण्याच्या वाटेवर आहोत.’

रंगनाथ : आन् कराराचं?

मुबश्शिरा : काही नाही. खाली एक प्रश्न आहे. ‘दुभाषी तुमच्या कंपनीची की बाहेरची?’

रंगनाथ : असं का इचारत्यात?

मुबश्शिरा : मलाही कळत नाही. माझ्यावर विश्वास बसला म्हणून असेल, नाहीतर उडाला म्हणून. काय लिहू? तुम्ही तर मला काढलंय.

रंगनाथ : लिही, आमची हाय. आन् बस खाली, एवढ्या उन्हात कुठं निघालीस?

मुबश्शिरा : लिहिलं. ...त्यांनी वाचलंय, सर. उत्तर नाही अजून.